इसार घेतलेला देव

डोंगरकडा गावाहून माळामाळानं निघालं की घोगरवाडी लागते. गाव लहान. शाळा एक, पिठाची गिरणी एक, महादेवाचं देऊळ एक. गावाचे अर्धेअधिक निकाल या देवळात लागतात. बांध कोणी कोरला, विहिरीवरची मोटर कोणी नेली, कोणाची म्हैस कोणाच्या हळदीत शिरली, हे सगळं पोलिसाच्या आधी इथं येतं. पितळी ताटात बेलाचं पान आणि त्यावर चिमूटभर भंडारा. ते पान उचलून माणूस जे बोलला ते बोलला. पुढं त्यावर वकील नाही आणि अपीलही नाही. पान उचलून खोटं बोलणाऱ्याचं घर बसतं, असं सगळे धरून चालतात. बसलेली घरं दाखवायलाही माणसं तयार असतात. ती दारूनं बसली का भाऊबंदकीनं, हे कोणी खोलात जाऊन बघत नाही.

चांगुणाबाई या गावची, हटकर धनगराची. नवरा नामाजी गेला तशी मेंढरंही गेली, शेळ्या मात्र हिनं ठेवल्या. काळपट रंग, पायात टायरच्या चपला, खांद्यावर पाला ओढायची लांब आकडी. तोंड असं की शेळ्यांना आणि माणसांना एकाच आवाजात बोलायची. तिनं "ए, हिकडं ये" म्हणून हाक मारली की शेळ्यांबरोबर रस्त्यानं जाणारं एखादं माणूसही थबकायचं. स्वतःचं रान तसूभर नाही. शेळ्या चारायच्या त्या माणिकरावाच्या बांधावर. माणिकराव म्हणजे गावात चार शब्द चालणारा माणूस. त्यानं तिला कधी अडवलं नाही आणि तिनंही कधी त्याच्या पिकात शेळी जाऊ दिली नाही. असा तो न बोलता चाललेला व्यवहार होता.

उसाच्या तोडीचे दिवस होते. चांगुणाबाई बांधावरच्या बाभळीचा पाला ओढत होती. खालून माणिकरावाचा ट्रॅक्टर आला, मागं उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या. स्टिअरिंगवर बसला होता माणिकरावाचा पोरगा विश्वजीत. एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातात फोन. पगारी ड्रायव्हर सोमेश्वर बाजूला मडगार्डवर बसून तंबाखू मळत होता. विश्वजीतकडं लायसन नव्हतं, पण बापाचा ट्रॅक्टर होता. वळणावर समोरून म्हातारा शेषराव सायकलवर आला. ट्रॅक्टर पुढं निघून गेला, मागची ट्रॉली आत ओढली आणि चाक शेषरावच्या पायावरून गेलं. चांगुणाबाई आकडी टाकून बोंबलत गावाकडं पळाली.

शेषरावला नांदेडला नेलं. सगळा खर्च माणिकरावानं उचलला, त्यात त्यानं कसूर केली नाही. मग गाव देवळात बसलं.

"झालं ते वंगाळ झालं," माणिकराव म्हणाला. "म्हाताऱ्याला मी वाऱ्यावर सोडणार न्हाई. पण माह्या पोराची पोलीस भरती तोंडावर आली हाय. दोन वर्षं झाली, पहाटं उठून पळून राहिला. एक केस झाली की सगळं पाण्यात. सोमेश्वरकडं लायसन हाय. त्याच्या नावानं गेलं तर दंडावर भागतंय. दंड मी भरतो."

सोमेश्वर खाली बसून जमीन उकरत होता. म्हणाला, "माझं काय जातंय मालक? दंडच हाय ना?"

शेषरावच्या पोरांनीही मान डोलावली. गावाला ते बरोबर वाटलं. एका लेकराचं आयुष्य वाचतंय, म्हाताऱ्याचा इलाज होतोय आणि ड्रायव्हरचं काही जात नाही. यात पाप कुठं आहे? मग ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांनी बेल उचलायचं ठरलं, म्हणजे पोलिसापुढं कोणाची जीभ घसरायला नको. शेजारच्या रानातल्या दोन गडी माणसांनी उचलला. सोमेश्वरनं उचलला. चांगुणाबाई खांबाआड सरकली.

"मालक, म्या शेळीमागं व्हते. मला काही दिसलं न्हाई म्हणून सांगते की."

"दिसलं न्हाई? अन् गावभर बोंबलत कोण आलं, तुझी शेळी?" कोणीतरी बोललं आणि देवळात हशा झाला.

गुरव शिवहारनं ताट पुढं केलं. चांगुणाबाईनं पान उचललं. "ट्रॅक्टर सोमेश्वर चालवत व्हता. हेच बोलीन, दुसरं बोलणार न्हाई." बोलून पदराला हात पुसले आणि शेळ्या कोंडायच्या राहिल्यात म्हणून घरी गेली. पोलिसाला तिनं तसंच सांगितलं.

पुढं शेषरावच्या पायात विष भरलं. पाय काढला तरी ते वर चढलंच, आणि म्हातारा दवाखान्यातच गेला. मोडक्या पायाची केस माणूस मेल्याची केस झाली. दंडावर भागायचं ते राहिलं. आता जेलचं नाव निघालं.

पण बेल उचललेलाच होता.

कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. त्या दोन गड्यांनी कळमनुरीला जाऊन बेलाप्रमाणं साक्ष दिली. सोमेश्वर मुका झाला. त्याची बायको शिवकन्या बेलाच्या दिवशी माहेरी होती, तिनं काहीच उचललेलं नव्हतं. तिनं माणिकरावानं दिलेला वकील नाकारला आणि कोर्टाकडून फुकट मिळणारी वकीलबाई लावून घेतली. गावात तिच्या नावानं बोटं मोडली गेली. चांगुणाबाईच्या नावाचं समन्स आलं तशी शिवकन्या दोन लेकरं घेऊन चांगुणाबाईच्या झोपडीपुढं येऊन बसली.

"आत्या, तुमी बघितलंय."

"बघितलंय."

"मंग सांगा की तसं."

"बेल उचललाय शिवकन्या. तुझ्या माणसानंबी उचललाय. त्यालाच काहून सांगत न्हाईस?"

"त्याला सांगून माझी जीभ झिजली! तो म्हणतो, देवाला बोललेलं मोडलं तर लेकरायला काही होईल. म्हटलं, अन् तू जेलात गेलास तर लेकरायला काय होणार हाय, पंचपक्वान्न भेटणार हाय? तर तोंड फिरवून झोपतो. त्या पानाला बांधून घेऊन जेलात चाललाय माझा माणूस. लायसन जाईल, पुढं कोण त्याच्या हाती गाडी देईल?"

चांगुणाबाईनं एका करडाला लाथेनं बाजूला सारलं. "तुझं खरं हाय. पण माझं घर बसलं तर तू येणार हाय का उभारायला?"

"तुमचं घर!" शिवकन्या उठली. "चार पत्रे अन् बारा बकऱ्या. त्याच्यावर देव कशाला डोळा ठेवील?"

"बारा न्हाईत, जास्ती हायेत," चांगुणाबाई म्हणाली. पण शिवकन्या तोवर पोरांना ओढत निघाली होती.

त्या रागाचं तिला काही वाटलं नाही. मनाला लागलं ते निराळंच. देवळात तिनं पान उचललं ते शेषराव जिता असताना. म्हातारा मेल्यावर तिला कोणी विचारलं नव्हतं. सौदा केला एका जनावराचा आणि दावं हातात आलं दुसऱ्याचं.

दुसऱ्या दिवशी ती शिवहारकडं गेली. तो देवळामागं बेलाची पानं निवडत बसला होता.

"म्हाराज, उचललेला बेल परत ठेवता येतो का?"

"ठेवता आला असता तर गावानं सकाळी उचलून संध्याकाळी ठेवला नसता का?"

"पण खरं बोलायसाठी ठेवायचा म्हटला तर?"

शिवहारनं इकडंतिकडं बघितलं. देवळाचा नवा सभामंडप माणिकरावाच्या पैशानं उभा राहत होता. "हे बघ बाई, माझं काम ताट धरायचं. कोण काय बोलतो त्याचा जिम्मा माझ्याकडं न्हाई."

"म्हंजे ताटाचा जिम्मा तुमचा, पानाचा देवाचा, बोलीचा गावाचा. मंग माझ्याकडं कशाचा राह्यला?"

"तुला काहून एवढी तकलीफ? कोर्टातबी देवाचीच शप्पथ देतेत. इथं देवापुढं बोललीस तेच तिथं देवापुढं बोल. एकच देव, एकच बोल. बराबर हाय का न्हाई?"

बरोबर होतं. तेवढंच तर बरोबर नव्हतं. एकाच देवापुढं एकदा खोटं बोलून झालं होतं. आता त्याच देवाला कळमनुरीच्या कोर्टात उभं करून खरं बोलायचं, तर तो कोणतं धरील? आणि खोटंच बोलायचं, तर त्याला दुसऱ्यांदा खोट्यात ओढायचं. बोलीत त्याचं नाव घातलं की दोन्हीकडून अडकणं होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी माणिकराव बांधावर आला. फार काही बोलला नाही. "सकाळी जीप पाठवतो, कोर्टात जायला." मग शेळ्यांकडं बघत, "बांध आपलाच हाय, चारत राहा."

"जीप नको मालक. जीपमंदी मला वकारी येते," चांगुणाबाई म्हणाली आणि सकाळी एसटीनं गेली.

कळमनुरीच्या कोर्टात तिला व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवलं. पट्टेवाला हिरासिंग तांड्यावरचा, पिकल्या मिशांचा. नावांचा पुकारा करायचा आणि साक्षीदाराकडून शपथ बोलवून घ्यायची, हे त्याचं काम. मधल्या वेळात तो बाकड्यापाशी तंबाखू चोळायला आला. दारातून आत कोर्टाची भिंत दिसत होती, जज मॅडम साहेबांच्या खुर्चीमागं सिंहांचं चित्र.

"ते सिंह कोण्या देवाचे?" तिनं विचारलं.

"देवाचे न्हाईत, सरकारचे हायेत. नोटेवर न्हाई का बघितले?"

"अन् खाली काय लिवलंय?"

"सत्यमेव जयते. म्हंजे खऱ्याचीच जीत होती है."

"हे सरकारला कोणी सांगितलं?"

हिरासिंगनं मिशीला हात लावला. "जुन्या पोथीतलं हाय म्हणतेत. मंत्र हाय."

"मंग सरकारबी देवाचंच घेऊन बसलंय की!"

"घेतलं असंल. पण आत मॅडम बसतेत, देव न्हाई बसत. माह्या नोकरीत किती साहेब आले न् गेले. एकजण अगरबत्ती लावायचा, एकजण लावायचा न्हाई. निकाल कागदावरच व्हायचा." त्यानं चुना पुसला. "चल, तुझं नाव आलंय."

तिला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं. समोर सरकारी वकील, पलीकडं शिवकन्येची वकीलबाई, मागं आरोपीच्या जागेवर मान खाली घातलेला सोमेश्वर. सगळ्यात मागं माणिकराव, विश्वजीत आणि घोगरवाडीची चार माणसं.

"म्हणा माझ्या मागं," हिरासिंगनं आवाज बदलला. "मी ईश्वरसाक्ष शपथ घेते की..."

चांगुणाबाईनं मान तिरकी करून ऐकलं.

"म्हणा. मी ईश्वरसाक्ष..."

"ह्याच्यात देवाचं नाव हाय का?"

"हाय. म्हणा."

"मंग मला न्हाई म्हणता येत."

कोर्टात कुजबूज झाली. सरकारी वकिलानं चष्मा वर सरकवला. "काय बाई, देव मानत नाही का तुम्ही?"

"मानीन का न मानीन, ते माझं न् त्याचं हाय. तुमाला काहून पायजे?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम साहेब हसल्या नाहीत. तरुण होत्या. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आजी, अडचण काय आहे ते सांगा. घाबरू नका."

चांगुणाबाईनं लाकडी कठडा घट्ट धरला. "साहेब, बकरीचा इसार घेतला की ती बकरी दुसऱ्याला दाखवत न्हाईत. बाजाराचा रिवाज हाय. आता माझं तसं झालंय. देवाच्या नावाचा इसार म्या आधीच घेऊन बसले, गावच्या देवळात. ते चुकलं का बराबर, ते पुढं बघता येईल. पण तेच नाव तुमच्याकडं पुन्हा कसं देऊ?"

घोगरवाडीची माणसं बाकड्यावर चुळबुळली. मॅडम साहेबांनी मागं बघितलं, मग तिच्याकडं. देवळात काय झालं ते त्यांनी विचारलं नाही.

"देवाचं नाव घेतलंच पाहिजे असं काही नाही. देवाचं नाव न घेता प्रतिज्ञेवर सांगता येतं. कायद्यात दोन्ही चालतात, दोन्हींचं वजन सारखं. ज्याला जी घ्यायची ती घ्यावी, आणि का घेतली हे कोर्ट विचारत नाही."

"देव मधी नसंल?"

"नसेल."

"मंग म्या खोटं बोलले तर ते कोणाच्या डोक्यावर?"

"तुमच्याच."

"अन् खरं बोलले तर?"

"तेही तुमचंच."

येताना एसटीत चांगुणाबाई हेच मागत आली होती, देव या भानगडीतून सुटावा. तो सुटला. पण त्याच्या वाट्याचा भारही आता हिच्याच मानेवर आला. तिनं मागं बघितलं. माणिकराव तिच्याकडं बघत होता आणि विश्वजीत जमिनीकडं. सोमेश्वरचे खांदे कधी नव्हते एवढे बारीक दिसत होते.

"म्हणा," हिरासिंग हळू म्हणाला. "मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करते की..."

ती म्हणाली. 'गांभीर्यपूर्वक' एका दमात निघालं नाही, हिरासिंगनं ते तोडून तोडून दिलं. बाकीचं निघालं. खरं सांगेन, पूर्ण खरं सांगेन, खऱ्यावाचून काही सांगणार नाही.

"ट्रॅक्टर कोण चालवत होतं?" सरकारी वकिलानं सरळ विचारलं. उत्तर त्याच्याकडं कागदावर होतंच.

"माणिकरावाचा विश्वजीत. सोमेश्वर बाजूला बसून तंबाखू चोळत व्हता."

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. सरकारी वकिलानं तिला फितूर ठरवायची परवानगी मागितली. पोलिसाला आधी काय सांगितलं ते वाचून दाखवलं. हे तुम्हीच सांगितलं ना? म्यांच. मग ते खोटं? व्हय, ते खोटं. आरोपीकडून पैसे घेतले? त्याच्याकडं असते तर त्यानं तुमच्यासारखा वकील नसता का लावला? या उत्तरावर मॅडम साहेबांनी तिला दटावलं, विचारलं तेवढंच सांगा म्हणून. त्यानं आडवंतिडवं विचारलं, ती उभीच्या उभी सांगत राहिली. कोणत्या हातात फोन होता, ट्रॉली कशी आत ओढली, म्हातारा कसा पडला. शेषरावचं नाव घेताना ती खाकरली आणि पुढं बोलली.

उतरताना तिनं सोमेश्वरकडं बघितलं. तो रडत होता, आणि नाही नाही अशी मानही हलवत होता. बेल मोडला म्हणून का सुटलो म्हणून, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

गावात आल्यावर पहिल्यांदा बांध बंद झाला. माणिकरावानं बोलून नाही, बाभळीचे काटे टाकून सांगितलं. आता शेळ्या घेऊन तिला ओढ्यापल्याड गायरानात जावं लागतं. जाऊन येऊन पाय भरून येतात. हळदी-कुंकवाला तिला आधीच कोणी बोलवत नव्हतं, त्यामुळं ते तरी कोणाला बंद करता आलं नाही. सोमवारी ती देवळात गेली. शिवहार दारातच उभा राहिला.

"आत येऊ का नको?"

"मी कोण सांगणारा," शिवहार म्हणाला, पण बाजूला झाला नाही.

मग ती पायरीवरच थांबली आणि तिथूनच पिंडीला सांगितलं, शेळ्यांना बोलायची त्याच आवाजात. "तुझ्यापुढं खोटं बोलले ते बोलले. तिथं तुझं नाव घेतलं न्हाई. माझं मी बोलले. आता काय करायचं ते माझं कर. शेळ्यायला हात लावू नको, त्यांनी काही उचललेलं न्हाई."

त्या पावसाळ्यात तिच्या दोन शेळ्या गेल्या. गावानं लगेच बोट दाखवलं, बघा, बेल लागला. पोट फुगून शेळ्या शिरड शहापूरकडंही मेल्या होत्या, तिकडं कोणी काहीच उचललं नव्हतं. पण चांगुणाबाई हे सांगून वाद घालत बसली नाही. लागला असंल, म्हणाली. उरलेल्या शेळ्यांना तिनं ढोरांच्या दवाखान्यात नेऊन सुया टोचून आणल्या.

संशयाचा फायदा मिळून सोमेश्वर सुटला. आता नांदेडकडं कोणाची तरी गाडी चालवतो. जाताना शिवकन्या तिच्या पाया पडायला आली, तर चांगुणाबाई म्हणाली, "पाया पडून राहिलीस व्हय? बारा बकऱ्या म्हणून हिणवलंस ते इसरले न्हाई मी." दोघी हसल्या.

विश्वजीतवर पुढं पोलिसानं काय केलं, काय नाही, ते गावात कोणी धड सांगत नाही. भरती मात्र झाली नाही. तो शेतीच बघतो. एका दुपारी चांगुणाबाई शेळ्या घेऊन बंद बांधाच्या कडेनं चालली होती, तर तो काट्यांच्या आतल्या बाजूनं आडवा आला. कानाला फोन नव्हता, हातही मोकळे होते.

"काकी, तुमी माझं वाटोळं केलं."

"व्हय," ती म्हणाली. "केलं."

त्याला भांडण पाहिजे होतं, ते मिळालं नाही. तो तसाच उभा राहिला. शेळ्या काट्यातून माना घालून आतलं गवत ओढायला लागल्या. तिनं त्यांना हाकललं नाही.

"म्हातारा दिसलाच न्हाई मला," विश्वजीत म्हणाला. "खाली बघत व्हतो. फोनमंदी." मग बापाचं नाव काढून, "दादाला अजून सांगितलं न्हाई म्या हे. दादा म्हणतेत, तोच मधी आला."

त्याच्यापुढं ना ताट होतं, ना कोर्टाचा कठडा. चांगुणाबाईनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं. समजूत घालावी असं तिला वाटलं नाही, आणि शिवी द्यावी असंही वाटलं नाही.

"शेषरावची म्हातारी अजून हाय घरी," ती म्हणाली. "पोरं रानात जातेत, दिवसभर एकटीच असते."

काटे त्यानं बाजूला केले नाहीत, आणि तिनंही ते मागितलं नाही. तिनं जीभ टाळूला वाजवून शेळ्यांच्या माना काट्यातून बाहेर काढल्या आणि ओढ्याकडं निघाली. विश्वजीत बांधाबांधानं गावाकडं चालायला लागला. शेषरावचं घर त्याच बाजूला आहे, पण त्याचंही घर त्याच बाजूला आहे. तो कुठं गेला हे बघायला ती थांबली नाही. शेळ्या पुढं गेल्या होत्या.